गोवर उतरला, तरी पोरगा सारखा आजारी का पडतोय?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा. ताई आणि त्यांचे मालक ऊसतोडीला जातात. मुलगा चार वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. गेल्या माघात कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहत असताना मुलाला गोवर निघाला. तीन-चार दिवस सणसणून ताप, खोकला, वाहतं नाक, लालभडक डोळे. मग कानामागून पुरळ सुरू होऊन तोंडावर आणि पुढं अंगभर उतरलं. सोबत असलेल्या सासूबाईंनी दवाखान्यात नेऊ दिलं नाही. औषध दिलं की गोवर आत जिरतो, असं त्यांचं म्हणणं. दाराला कडुलिंबाचा पाला लावला, तेल-फोडणी बंद केली. आठ-दहा दिवसांत पोरगं उठून बसलं. पण पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, गावी आल्यापासून त्याचं काही ना काही चालूच आहे. दोनदा छाती भरली, जुलाब लागून लागून थांबतात, डावा कान वाहतो, अंगावर मांस राहिलेलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘तू लपून तापाच्या गोळ्या दिल्यास, म्हणून गोवर आत राहिला.’ दीर म्हणतात, ‘नवव्या महिन्यात सुई देऊनही गोवर झालाच. त्या सुईनंच पोरगं कमजोर केलं.’ धाकटीला मात्र घरात गोवर असूनही काही झालं नाही. म्हणजे ती जात्याच दमदार आहे, तिला सुई नको, एकदा गोवर निघाला की जन्माची कटकट मिटेल, असं घरात ठरत आलं आहे. दसऱ्यानंतर टोळी पुन्हा निघणार. ताई विचारतात, ‘माझ्या गोळ्यांनी लेकराचं असं झालं का? आणि धाकटीचं मी काय करू?’

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो सहा महिने तुमच्या छातीवर बसला आहे. नाही, तुमच्या गोळ्यांनी काहीही बिघडलेलं नाही. तापाची गोळी ताप उतरवते, लेकराला दोन घोट पाणी पिण्याइतकं बरं वाटतं, तेवढंच तिचं काम. ती गोवराला आत ढकलत नाही. गोवर मुळात आतच असतो.

पुरळ दिसतं तेव्हा गोवराचा विषाणू शरीरात शिरून दहा ते चौदा दिवस झालेले असतात. तोवर तो फुप्फुसातून गळ्याच्या आणि पोटाच्या गाठींपर्यंत, प्लीहेपर्यंत, रक्तातून अंगभर पोचलेला असतो. त्वचेपर्यंत पोचलेल्या विषाणूवर आपल्याच संरक्षक पेशी तुटून पडतात, त्या झटापटीच्या खुणा म्हणजे ते लाल पुरळ. उष्णता बाहेर पडते म्हणून पुरळ येत नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा असा की, ज्या मुलांची प्रतिकारशक्ती फारच ढासळलेली असते, त्यांच्यापैकी काहींना गोवर होतो पण पुरळ उठतच नाही, आणि नेमकी तीच मुलं सगळ्यात जास्त दगावतात. सासूबाईंच्या डोळ्यांनी असं एखादं लेकरू पूर्वी पाहिलेलं असणार. पुरळ नीट फुललं नाही आणि लेकरू गेलं, हे जुन्या बायकांनी पाहिलं ते खरंच होतं. कारण मात्र त्यांनी औषधाला लावलं, आणि ते तिथं नव्हतं.

आता तुम्हाला एक विचारते, रागावू नका. तो गोवरच होता हे कशावरून? खेड्यात अंगावर काहीही उठलं की गोवर म्हणायची रीत आहे. रुबेला, कांजिण्या, उन्हाळ्यातलं घामोळं, औषधाची ॲलर्जी, सगळं त्या एका नावाखाली जातं. तुम्ही लिहिलेला क्रम, म्हणजे आधी ताप-खोकला-डोळे आणि मग कानामागून खाली उतरणारं पुरळ, गोवराशी चांगलाच जुळतो. पण रक्त तपासलेलं नाही. म्हणून मी पुढं जे लिहिते आहे ते गोवर होता असं धरून लिहिते, आणि तरीही मुलाच्या आजारपणाची दुसरी कारणं शोधायला सांगणार आहे. ‘गोवरानंतर असंच होतं’ म्हणून गप्प बसण्यात धोका आहे.

गोवरानंतर असं होतं, हे मात्र खरं आहे. डॉक्टरांनाही हे शंभर वर्षांहून जास्त काळ दिसत आलं आहे. १९०८ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने एक गोष्ट नोंदवली. क्षयाचे जंतू अंगात असलेल्या मुलांच्या त्वचेत चाचणीचा द्रव टोचला की त्या जागी गाठ उठते. पण त्याच मुलांना गोवर झाला की ती गाठ उठेनाशी व्हायची. शरीर क्षयाला ओळखायचं, आणि गोवर येताच ओळखेनासं व्हायचं. हे का होतं, याचा उलगडा व्हायला पुढं बरीच दशकं गेली.

उलगडा असा. आपण जन्मापासून ज्या ज्या जंतूंना तोंड देतो, त्यांची ओळख शरीर जपून ठेवतं. रक्तात आणि गाठींमध्ये काही पेशींचं कामच ते असतं. पूर्वी गावात जागले असायचे, रात्री वेशीवर हिंडणारे. कोणता चोर कोणत्या वाटेनं येतो, हे त्यांना पाठ असायचं. आपल्या अंगातले हे जागले स्मृतिपेशी म्हणून ओळखले जातात. न्यूमोनियाचा जंतू एकदा येऊन गेला, जुलाबाचा विषाणू येऊन गेला, की पुढच्या खेपेला ते त्याला वेशीवरच धरतात. म्हणून तर मूल दोन-तीन वर्षांचं झालं की आजारपणं कमी होत जातात. आता गोवराचा विषाणू कुठं शिरतो पहा. पेशीत शिरायला त्याला एक खुंटी लागते, आणि ती खुंटी नेमकी या स्मृतिपेशींवर भरपूर असते. म्हणजे बाकीचे जंतू जागल्यांना चुकवून येतात, हा थेट जागल्यांनाच गाठतो. त्यांच्यात वाढतो, त्यांना संपवतो, आणि मग श्वासनलिकेच्या अस्तरातून खोकल्यावाटे बाहेर पडून पुढच्या लेकराकडं जातो.

काही दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या पुन्हा भरून येते. रिपोर्ट चांगला दिसतो, पुरळ काळवंडून कोंड्यासारखं झडतं, घरचे म्हणतात बरा झाला. पण नवे आलेले जागले बहुतांशी एकाच चोराला ओळखतात, गोवराला. बाकीच्यांची ओळख ज्यांच्याकडं होती ते गेलेले असतात. म्हणून गोवर झालेल्या माणसाला गोवर पुन्हा सहसा होत नाही, आणि त्याच माणसाला बाकी सगळं नव्यानं होऊ शकतं.

हे किती प्रमाणात घडतं, ते २०१९ मध्ये मोजता आलं. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणानं लस न घेणाऱ्या काही वस्त्या आहेत. २०१३ मध्ये तिथं गोवराची साथ आली. त्यातल्या ७७ मुलांचं साथीआधीचं आणि साथीनंतरचं रक्त संशोधकांकडं होतं. त्या रक्तात कोणकोणत्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे ओळखीच्या जंतूला धरणारी प्रथिनं, आहेत ते त्यांनी ताडून पाहिलं. गोवरानंतर मुलांनी आपल्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावली होती. शंभरातली अकरा गेली तर शरीर निभावून नेईल. सत्तर गेली तर चार वर्षांचं पोर नुकत्या जन्मलेल्या बाळाइतकं उघडं पडतं, आणि बाळाला निदान आईकडून आलेलं संरक्षण असतं, त्याला तेही नसतं. त्याच अभ्यासात गोवराची लस घेतलेली मुलंही तपासली होती. त्यांचं काहीही गेलं नव्हतं. तुमच्या दीरांना ही गोष्ट सांगा.

याच्या आधी, २०१५ मध्ये, इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या नोंदी तपासून असं दिसलं होतं की गोवराची साथ येऊन गेल्यावर दोन ते तीन वर्षं मुलं इतर संसर्गांनी जास्त मरत राहतात. ती खूण गोवराच्या आकड्यांत दिसत नाही. न्यूमोनियानं गेला, जुलाबानं गेला, अशीच नोंद होते. मला या आजाराची सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. आपल्या मराठवाड्यात अशी किती लेकरं ‘साध्या जुलाबानं’ गेली असतील आणि त्यांच्या आयांनी स्वतःला दोष दिला असेल.

तर ताई, ‘एकदा निघाला की जन्माची कटकट मिटते’ या बोलण्याचा अर्धा भाग खरा आहे. १८४६ मध्ये अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली होती, तेव्हा ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी गोवर होऊन गेला होता, ते त्या साथीतून सुटले. गोवराविरुद्धची शक्ती टिकते, जन्मभर टिकते. पण ती मिळवायला काय मोजावं लागतं, ते तुमच्या घरात गेले सहा महिने दिसतंय. फुप्फुसं भरणं, कान फुटणं, जुलाब, डोळ्यांना इजा. हजारात एखाद्याला मेंदूची सूज. आणि फार थोड्यांना, सगळं विसरल्यावर सात-दहा वर्षांनी, मेंदू हळूहळू निकामी करणारा एक आजार, ज्यावर खात्रीचा इलाज नाही. तो धोका दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना जास्त असतो. तुमची धाकटी आठ महिन्यांची आहे.

धाकटी जात्याच दमदार आहे का? मला आनंदच वाटला असता, पण कारण दुसरं असावं. माघात ती दोन महिन्यांची होती. गर्भात असताना तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं तिच्यात गेली होती. तुम्हाला लहानपणी गोवर होऊन गेला असेल किंवा लस मिळाली असेल, ती शिदोरी तिला मिळाली आणि तिच्यावर ती तरली. गोवर इतका पसरतो की ज्याच्या अंगात संरक्षण नाही असं माणूस रुग्णासोबत एका घरात राहिलं, तर दहातल्या नऊ जणांना तो होतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. एका कोपीत, एका पांघरुणाखाली, तिला झाला नाही तो तुमच्यामुळं. पण आईची ही शिदोरी सहा ते नऊ महिन्यांत संपत जाते. म्हणजे माघात ती सुरक्षित होती म्हणून या कार्तिकातही असेल, असं धरू नका. आता ती जास्त उघडी आहे.

लस नवव्या महिन्यात का देतात, याचं उत्तरही यातच आहे. आईची प्रतिपिंडं अंगात असताना लस दिली तर ती लसीलाच निकामी करतात. फार उशीर केला तर मूल मधल्या काळात उघडं राहतं. नऊ महिने पूर्ण होताच पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, असं आपलं सरकारी वेळापत्रक आहे, गोवर आणि रुबेला दोन्हींसाठी एकच सुई. नवव्या महिन्यातला एक डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना वाचवतो. उरलेल्या पंधरांना तो लागू पडत नाही, आणि कोणाला लागू पडला नाही हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्या पंधरांसाठी आहे. दोन डोस झाले की संरक्षण ९७ च्या आसपास पोचतं. तुमच्या मुलाला एकच मिळाला. दुसरा डोस द्यायच्या वेळी तुम्ही फडात होतात, हे मी पत्रातल्या वयांवरून समजते. यात तुमचा आळस नाही. सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्या. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जाणार. आशाताई गावात घर शोधत येतात तेव्हा घराला कुलूप. हे वेळापत्रक बसून राहणाऱ्या माणसांसाठी आखलेलं आहे आणि त्याचा भुर्दंड तुमच्या लेकरांनी भरला.

पण मग लसीनंच कमजोर केलं, हे? लसीत जिवंत विषाणू असतो, पण पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवून नरम केलेला. तो जागल्यांची फळी उधळत नाही. सुई दिल्यावर पाच ते बारा दिवसांनी काहींना ताप येतो, थोड्यांना पुसटसं पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं. तुमचा मुलगा सुईनंतर जवळपास तीन वर्षं ठणठणीत होता, असं तुम्हीच लिहिलंय. तो खचला तो माघानंतर. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून ही लस दिली गेली होती. तुमच्या वाडीतली, नात्यातली मोठी पोरं तेव्हा रांगेत उभी होती. दीरांना त्यांच्याकडं बघायला सांगा. ती कमजोर झाली का?

आता कामाचं बोलू.

धाकटीला पुढच्या महिन्यात नऊ पूर्ण होतील. टोळी निघायच्या आत तिचा पहिला डोस झालाच पाहिजे, हे सगळ्यात आधी. उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईला लसीकरणाच्या सत्राचा वार विचारून ठेवा. कधी कधी सिस्टर ‘आज नाही, अमक्या दिवशी या’ म्हणून परत पाठवतात, आणि बायका रागावून पुन्हा जात नाहीत. त्यामागं कारण असतं. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि ती द्रव घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून त्या मुलं एकत्र जमवतात. पण तुम्ही स्थलांतराला निघणार आहात हे स्पष्ट सांगा, तारीख सांगा. त्या वेळ काढून देतात. सुईसोबत तिला ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही तोंडातून मिळेल. दुसऱ्या सुईची वेळ चैत्रात येते, तेव्हा तुम्ही परतलेल्या असाल. नाही परतलात, तर जिथं असाल तिथल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, कर्नाटकात असलात तरी. कार्ड हरवलं म्हणून सुई नाकारता येत नाही. तरीही कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डासोबत ठेवा आणि त्याचा फोटो मालकांच्या मोबाईलमध्ये असू द्या. कोपीत पावसानं भिजून, उंदरांनी कुरतडून अशी कार्डं जातात. आणि तळावर कुणाच्या लेकराला गोवर निघाल्याचं कळलं, तर गुपचूप बसू नका. बऱ्याच बायका ‘साथ सांगितली तर मुकादम ओरडेल’ म्हणून बोलत नाहीत. जवळच्या आरोग्य केंद्राला कळवलं तर ते तपासणी करतात, बाकीच्या मुलांना लस देतात. रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत दिलेली लस गोवर थोपवू शकते. साथ मोठी असेल तर आरोग्य खातं सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देतं. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा तसा दिला होता. तो जादाच असतो, नऊ महिन्यांचा आणि पुढचा डोस तरीही द्यावा लागतो.

मुलाचं थोडं सावकाश सांगते, कारण इथं खरी मेहनत आहे.

त्याला या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या बालरुग्ण विभागात न्या. जाताना हे सगळं सांगा: माघात गोवर, तेव्हापासून दोनदा छाती भरली, कान, जुलाब, वजन. डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढंच सांगितलं तर ते खोकल्याचं औषध देतील. पूर्ण गोष्ट सांगितली तर ते वेगळं शोधतील. मला सगळ्यात जास्त काळजी क्षयाची वाटते. गोवर आत दबून बसलेल्या क्षयाला मोकळं करू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, यांतलं काही असेल तर तपासणी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती आणि उपचार दोन्ही फुकट आहेत. हातावर सुई टोचून करायच्या चाचणीत काही उठलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. गोवरानंतर काही आठवडे ती चाचणी फसवते हे पिर्केनं पाहिलंच होतं, आणि मूल फार कुपोषित असेल तर पुढंही फसवते. छातीचा फोटो आणि बाकीच्या तपासण्यांबद्दल विचारा.

कान वाहतोय त्यात तेल घालू नका, लसणाचं गरम तेलही नाही. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान हलक्या हातानं कोरडा करा आणि डॉक्टरांना दाखवा. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला तर ऐकू कमी येतं, आणि मग शाळेत पोरगं ‘ढ’ ठरतं.

जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस आणि सलग चौदा दिवस झिंकची गोळी, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. दोन्ही आशाताईंकडं मिळतं. श्वासाकडं लक्ष ठेवा. पोर शांत झोपलेलं असताना पोटाचं वर-खाली होणं पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. त्याच्या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त, आणि धाकटीचे ५० किंवा जास्त श्वास भरले, तर तो वेगवान श्वास आहे. त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, पाणी पिता येत नसेल, झटके आले, किंवा पोर हाक मारून डोळे उघडत नसेल, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

‘अ’ जीवनसत्त्वाबद्दल. गोवरात शरीरातलं हे जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं, म्हणून गोवर झालेल्या मुलाला त्याच वेळी, वयानुसार, चोवीस तासांच्या अंतरानं दोन मोठे डोस द्यायचे असतात. त्यानं डोळे वाचतात आणि जीवही. तुमच्या मुलाला ते मिळाले नाहीत. आता पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी मिळणारा डोस त्याला कधी मिळाला ते आशाताईंना विचारा. राहिला असेल तर द्यायला सांगा. मनानं बाटली आणून पाजू नका, हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय करतं. तिन्हीसांजेला त्याला ठेचा लागतात का, अंधारात ताट चाचपतो का, डोळे कोरडे-निस्तेज दिसतात का, हे पाहा आणि तसं असेल तर लगेच सांगा. खाण्यात शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, पपई, जमेल तेव्हा अंडं. आणि भाजीत तेल हवंच. तेलाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही, म्हणून गोवरातलं ते तेल-फोडणी बंद करणं लेकराला दोन्हीकडून मारतं. भाकरी कुस्करून वरणात, वर चमचाभर तेल किंवा तूप, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आजारी मुलाला एकदम भरपूर जात नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या. पट्टी लाल दाखवत असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागू शकतं. चौदा दिवस मजुरी बुडते म्हणून बायका नको म्हणतात. टोळी निघायच्या आधीच हे उरकून घ्या.

त्याच्या राहिलेल्या सुयाही. पाच वर्षांचा व्हायच्या आत गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस त्याला सरकारी दवाखान्यात मिळतो. गोवर होऊन गेला असला तरी घेतल्यानं नुकसान नाही. रुबेलापासून संरक्षण मिळतं, आणि तो आजार गोवर नसलाच तर तीही बाजू सांभाळली जाते. सगळ्या जुन्या लसी पुन्हा द्यायचा काही नियम नाही, पण डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) पुढचा डोस पाच वर्षांनंतर चुकवू नका. प्रत्येक ओळख त्याच्या शरीराला नव्यानं करून द्यायची आहे. लसीनं झालेली ओळख आजारानं झालेल्या ओळखीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

हे किती दिवस? दोन-तीन वर्षं जरा डोळ्यांत तेल घालून. घाबरू नका, बहुतेक मुलं सावरतात. त्याचं शरीर रोज काही ना काही शिकतंय. या काळात आजार त्याला इतर मुलांपेक्षा लवकर गाठेल आणि जोरात गाठेल, म्हणून ‘बघू दोन दिवस’ हे त्याच्या बाबतीत चालणार नाही, एवढंच.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं त्यांच्या आई-आज्यांनी लेकरं जगवायला शोधून काढलेलं होतं, जेव्हा दुसरं काहीच हातात नव्हतं. दाराला पाला लावला की बाहेरचं माणूस आत येत नाही, पोर वेगळं राहतं. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यावर चार दिवस गोवर पसरतो, तेव्हा हे वेगळं ठेवणं अगदी योग्य आहे. पाला राहू दे. देवीची ओटी भरायची असेल तर भरू दे. औषध, तेल आणि सुई यांच्या आड मात्र कुणाला येऊ देऊ नका. मला वाटतं, त्यांना समजावण्यापेक्षा धाकटीच्या सुईच्या दिवशी सोबत घेऊन जा. सिस्टर गावातल्याच असतात, बहुतेक वेळा सासूबाईंच्या ओळखीच्या. नातीला मांडीवर घेऊन बसायचा मान त्यांना द्या. जी सुई त्यांच्या मांडीवर दिली गेली, तिला त्या पुढं नावं ठेवणार नाहीत, निदान असा माझा अनुभव आहे. दीरांचं मत बदललं नाही तरी अडत नाही. मुलीची आई तुम्ही आहात, आणि सुई द्यायला दीरांची परवानगी लागत नाही.

आणि जाताना टोळीतल्या बाकीच्या बायकांनाही विचारा, कुणाच्या पोराचा दुसरा डोस राहिलाय. तुमच्या सोबत फडावर पाच-दहा लेकरं असतील. आशाताईंना एकत्र यादी दिली तर त्या निघायच्या आधी एक सत्र तुमच्याच वस्तीवर लावू शकतात. तसं त्या करतात. दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात सांगितलंत तर वेळ पुरेल.